सुप्याला चिंकारा बघायला निघालात? या चुका टाळा

बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य पुण्याहून साधारण ७० किलोमीटर. एका दिवसात आरामात जाऊन येता येतं. तरी "काहीच दिसलं नाही" म्हणत परतणारी माणसं दर रविवारी भेटतात. चिंकारे, म्हणजे ही तांबूस छोटी हरणं, तिथेच असतात, पण आपण ताडोब्याच्या सवयीने माळरानावर जातो.

पहिली चूक वेळेची. मोरगाव जवळच, म्हणून आधी गणपतीचं दर्शन, मिसळ, मग अभयारण्य. तोवर दहा वाजतात. ऊन चढलं की चिंकारा बाभळीच्या सावलीत बसतो आणि त्याचा तांबूस रंग मुरमात मिसळून जातो. क्रम उलटा करा. पुणं पहाटे पाचला सोडा, चौफुल्याला वळा, उजाडताना सुप्यात असा. मोरगाव नंतर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दिसल्या दिसल्या गाडीचं दार उघडणं. पहिल्या खेपेला मी हेच केलं. मादी पंचवीस-तीस पावलांवर होती. तिने पुढचा पाय आपटला, नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढला आणि पाडसासकट नाहीशी झाली. तो आवाज म्हणजे इशारा, आणि तो आपल्यामुळे निघाला याचं मला अजून वाईट वाटतं. गाडीतच बसा, इंजिन बंद करा. बिचकलेला चिंकारा बहुतेक वेळा थोडं अंतर पळून थांबतो आणि मागे वळून बघतो. तेव्हा तुम्ही हललात तर तो पुन्हा सुटतो. नाही हललात तर पाचेक मिनिटांत परत चरायला लागतो.

फोटोसाठी गाडी चाकोरीबाहेर घालू नका. चंडोल, टिटवी, धाविक ही पाखरं उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. चाकाखाली काय गेलं हे कळतही नाही. अभयारण्य आहे जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, त्यात गाड्यांच्या नव्या वाटा पाडायला जागाच नाही.

तासभर फिरूनही काही दिसलं नाही तर आणखी फिरू नका, थांबा. दुर्बिणीने एकेका झुडपाचा बुंधा सावकाश बघा. आधी दिसते ती सारखी हलणारी काळी शेपटी, मग पांढरं पोट. एकाच जागी लेंड्यांचा ढीग दिसला तर तिथे त्यांची ये-जा आहे असं समजा.

आणि मुलांना "ते बघ काळवीट" सांगू नका. काळविटाची शिंगं पिळदार असतात आणि मादीला सहसा नसतातच. चिंकाऱ्याच्या मादीलाही शिंगं असतात, बारीक आणि आखूड. मुलांना ती शोधू द्या, घटकाभर गाडीत आवाज होत नाही.

पाणी आणि टोपी घरूनच घ्या. बिस्किटं मात्र प्राण्यांपुढे टाकू नका. चिंकाऱ्याला पाला-गवतातूनच बरंचसं पाणी मिळतं, त्याला आपल्याकडून काही नको असतं.