सुपरवायझर झालात? आधी कटिंगला बसा

वेंगुर्ल्याच्या बाजूला एका काजू कारखान्यात मी सोलायला लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आता तिथेच अठ्ठावीस बायकांची सुपरवायझर आहे. दुसऱ्या कारखान्यात नुकतीच सुपरवायझर झालेली एक मैत्रीण परवा विचारत होती, "तुझ्याकडच्या बायका टिकतात कशा गो?" तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

आठवड्यातून एक तास स्वतः कटिंगला, म्हणजे काजूची बी कापायच्या मशीनवर, बसायचं. तपासायला नव्हे, कापायला. हे मला सुचलेलं नाही, फजितीतून आलंय. आमच्या एका काकींचा तुकडा, म्हणजे कापताना फुटलेला गर, अचानक वाढला. अख्ख्या गराचा भाव वेगळा, तुकड्याचा कमी, आणि काकींची मजुरीही त्याच हिशेबाने किलोवर. म्हणजे नुकसान मालकांचंही, काकींचंही. मी दोन दिवस सगळ्यांदेखत बोलले. तिसऱ्या दिवशी काकी आल्याच नाहीत. ऑर्डर तोंडावर होती म्हणून त्यांच्या मशीनवर मीच बसले. दहा बिया कापल्या, सहा गर फुटले. एक पातं जरासं सरकलं होतं आणि पाय उचलला तरी पेडल पुरतं वर येत नव्हतं. फिटरने नट आवळला, पाती जुळवली. पंधरा मिनिटांत काम झालं. संध्याकाळी काकींच्या पडवीत जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तू माका इचारलंसच खंय?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या हजर असताना चूक माझी होती हेही सांगितलं. बोलले सगळ्यांसमोर, मग माफी एकटीला गाठून कशी चालेल? आता तुकडा वाढला की माझा पहिला प्रश्न असतो, "मशीन कसं चालतंय?"

दुसरी गोष्ट म्हणजे वही. दुपारच्या चहाला मी टेबलाटेबलावर फिरते आणि एवढंच विचारते, आज काय अडलं? अडचण लिहायची, पुढे मी ती कधी सोडवणार ती तारीख. तारीख चुकली तर का चुकली ते आपणहून सांगायचं, नाहीतर महिन्याभरात कोणी काही सांगेनासं होतं. पहिल्याच आठवड्यात वहीत तेलाची अडचण आली. काजूच्या टरफलातला चीक कातडी जाळतो, म्हणून कापणाऱ्या हाताला खोबरेल लावतात. आमच्याकडे बाटली एकच, तीही दाराजवळच्या खिडकीत. किलोवर मजुरी असलेली बाई दर अर्ध्या तासाने उठून तिथे कशाला जाईल? बोटं काळी पडली तरी कापत राहायची. मी प्रत्येक मशीनला एक वाटी ठेवली. तेलाच्या खर्चासाठी मालकांकडे तीनदा जावं लागलं. दोनदा नुसती तक्रार घेऊन गेले. तिसऱ्यांदा हात भाजल्यामुळे किती खाडे झाले ते हजेरीतून काढून नेलं, तेव्हा हो म्हणाले. जाड हातमोजेही आणून बघितले. त्यात बी धरताच येत नाही, हे बायका आधीच सांगत होत्या.

गणपतीची सुट्टी हा खरा पेपर. त्याच दिवसांत काजूला मागणी आणि त्याच दिवसांत घर सोडून कोणी येणार नाही. मी यादी करत नाही, त्याच करतात. कुणाचा गणपती दीड दिवसाचा, कुणाचा पाच, कुणाचा अकरा. दीडवाल्या लवकर येऊन पॅकिंग उचलतात आणि शिमग्याला त्यांच्या गावची पालखी असेल तेव्हा आधी सुट्टी त्यांची. आमचा पाच दिवसांचा, तरी माझं नाव यादीत शेवटी. वाद होतात, पण ते त्यांचे त्या मिटवतात. मी मध्ये पडले की उलट वाढतात.

बायकांच्या अडचणी सोडवायच्या म्हणजे सगळं चालवून घ्यायचं असं मात्र नाही. 240 नंबरच्या डब्यात 320 चा गर सापडला तर डबा परत टेबलावर ओतते. 240 म्हणजे एका पौंडात 220 ते 240 गर, 320 म्हणजे 300 ते 320. गिऱ्हाईक मोजून घेतं. पण तक्रारीचा फोन आला तर तो मी घेते. मालकांनी "कोणी भरला?" विचारलं तरी माझंच नाव सांगते. कोणी भरला ते मी आणि ती, दोघीच बघतो.

आणि स्वतःच्या पर्समधून उसने पैसे देऊ नका. मी दिले होते. पैसे परत आले नाहीत त्याचं एवढं काही नाही. ती बाई माझी नजर चुकवायला लागली आणि वहीत तिची अडचण येणंच थांबलं. उचल हवी असेल तर मी तिच्यासोबत ऑफिसात जाते, रक्कम आणि हप्ता तिच्यासमोरच लिहून घेते.

मैत्रीण म्हणाली, "मग रजिस्टरं कधी लिहायची?" दुपारी दोन ते तीन, गर सुकवायचा ड्रायर भरला की. तेव्हाही खुर्ची सोलणीच्या टेबलाशेजारीच.