एफ-वन टीमकडे पैसा आहे तरी गाडी मागे का, हे घरबसल्या कसं ओळखायचं

टोयोटा एफ-वनमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वन कार रेसिंगमध्ये, २००२ ला आली आणि २००९ ला गेली. आठ सीझन, १३९ रेस, १३ पोडियम (पहिल्या तिनात येणं), ३ पोल (स्टार्टला पहिली जागा) आणि विजय शून्य. पैशाला तोटा नव्हता, त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या बजेटवाल्या टीममध्ये त्यांचं नाव असायचं, जर्मनीत कोलोनला स्वतःची फॅक्टरी, तिथेच दोन विंड टनेल (गाडीच्या मॉडेलवर जोरात हवा सोडून तपासायचे बोगदे), इंजिन आणि चासी (गाडीचा सांगाडा) दोन्ही घरचंच. माझा त्या टीमवर फार जीव होता. नोव्हेंबर २००९ मध्ये बाहेर पडतोय हे सांगताना टीम बॉस तदाशी यामाशिना प्रेस कॉन्फरन्समध्ये रडले तेव्हा मलाही भरून आलं, आणि तेव्हापासून कुठलीही श्रीमंत टीम मागे पडली की घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझी पद्धत सांगतो, त्याला लाइव्ह टायमिंग (गाड्या ट्रॅकवर असताना लगेच दिसणारे लॅप टाइम) आणि एक वही एवढंच लागतं.

पहिलं म्हणजे लगेच ड्रायव्हरच्या डोक्यावर खापर फोडू नका. आधी क्वालिफायिंगमध्ये (स्टार्टची जागा ठरवणाऱ्या फेरीत) टीमचे दोन्ही ड्रायव्हर बघा, दोघेही मागे असतील तर गाडी स्लो आहे, विषय संपला. एक पुढे एक मागे आणि हे दर ट्रॅकला उलटसुलट होत असेल तर गाडी फार नाजूक आहे, टायरचं तापमान, वारा, सेटअप सगळं जुळलं तरच पळते. आणि सगळ्यात फास्ट गाडीशी असलेली गॅप सेकंदात मोजू नका, टक्क्यात मोजा. ऑस्ट्रियाचा लॅप साधारण ६५ सेकंदांचा आणि स्पाचा १०५ चा, म्हणजे तोच अर्धा सेकंद ऑस्ट्रियात पाऊण टक्क्याच्या वर जातो आणि स्पाला अर्धा टक्काही होत नाही. सात-आठ रेसचे टक्के एकाखाली एक लिहिले की ट्रॅकही बोलायला लागतात: बार्सिलोना, सिल्व्हरस्टोनला मागे तर डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबणारा जोर) कमी, मॉन्झाला मागे तर इंजिन किंवा ड्रॅग (हवेचा अडथळा), मोनॅकोला मागे तर सस्पेन्शन आणि स्लो कॉर्नरचा ग्रिप. सगळीकडे सारखीच मागे असेल तर मग मामला खोल आहे.

आता खरी गोष्ट, कोरिलेशन. विंड टनेलमध्ये जे आकडे येतात ते ट्रॅकवर येतात का? नियमाने टनेलमध्ये जास्तीत जास्त ६० टक्के साइजचं मॉडेल चालतं आणि हवेचा वेग ताशी १८० किमीच्या वर नेता येत नाही, त्यामुळे खरी गाडी ३०० ने जाताना काय करेल हा शेवटी अंदाजच असतो. मर्सिडीजचंच घ्या, २०१४ ते २०२१ सलग ८ कन्स्ट्रक्टर्स टायटल (टीमचं विजेतेपद) घेतलेली टीम, पैसा, माणसं, टनेल सगळं जागेवर, आणि २०२२ ला नवे नियम आले तर गाडी सरळ रस्त्यावर बेडकासारखी उड्या मारायला लागली. बाकूची रेस संपल्यावर त्यांचा ड्रायव्हर हॅमिल्टन पाठ धरून हळूहळू गाडीतून बाहेर आला ते ज्यांनी बघितलंय ते विसरणार नाहीत. वर्षभरात एकच विजय, दुसरा ड्रायव्हर रसेलचा ब्राझीलला, आणि २०२३ ला तर तोही नाही.

हे बाहेरून ओळखायचं असेल तर शुक्रवारची प्रॅक्टिस बघा, बहुतेक लोक तीच सोडून देतात. पुढच्या चाकामागे जाळीसारखी मोठी चौकट लावून गाडी हळू फिरताना दिसली तर त्या चौकटीतल्या बारीक नळ्या हवेचा दाब मोजतायत. विंगवर किंवा फ्लोअरवर (गाडीच्या तळावर) पातळ तेलात कालवलेला हिरवा-पिवळा रंग फासलेला दिसला तर हवा कुठून वाहतेय त्याचे ओघळ त्यात उमटतात. सीझनच्या सुरुवातीला किंवा नवा पार्ट आणला की हे सगळेच करतात, त्यात काळजीचं काही नाही. पण अर्धा सीझन झाला तरी दर शुक्रवारी तेच चाललंय, एका गाडीवर नवा फ्लोअर दुसरीवर जुना, आणि रविवारी परत जुनाच, तर समजा की टीमचा स्वतःच्या आकड्यांवर विश्वास राहिलेला नाही. अशा टीमला आणखी पैसा देऊन उपयोग नाही, चुकीच्या दिशेने जास्त जोरात धावतील एवढंच. आणि २०२१ पासून बजेट कॅप (टीमच्या वर्षाच्या खर्चावर मर्यादा) आहे, १४५ मिलियन डॉलरपासून सुरू झाली, त्यामुळे एक अपग्रेड फुकट गेला की पुढच्याचे पैसे गेले.

टनेल विकत घेता येतं, त्याचे आकडे वाचणारी टीम विकत घेता येत नाही, आणि याचा पुरावा टोयोटाच्याच घरात आहे. त्यांनी एफ-वन सोडल्यावर मॅकलारेन कित्येक वर्षं कोलोनचंच टनेल भाड्याने वापरत होती. २०२३ ला बहरीनला त्यांचा ड्रायव्हर नॉरिस रेस पूर्ण करणाऱ्यांत शेवटचा, दुसरा पियास्ट्री तर रेस पूर्णच करू शकला नाही, मग त्यांनी टेक्निकल टीमची रचना बदलली, ऑस्ट्रियाला मोठा अपग्रेड आणला, पुढच्याच रेसला सिल्व्हरस्टोनला नॉरिस दुसरा आला आणि २०२४ ला कन्स्ट्रक्टर्स टायटल. स्वतःचं नवीन टनेल सुरू व्हायच्या आधीच गाडी सुधारली होती.

म्हणून वहीत एक पान माणसांसाठी ठेवा. टेक्निकल डायरेक्टर कधी आला, कधी गेला, टीम प्रिन्सिपल किती वेळा बदलला. टोयोटात टेक्निकल डायरेक्टर माइक गॅस्कॉइन २००३ च्या शेवटी आला, २००५ ला टीमने ५ पोडियम, २ पोल मिळवून चौथा नंबर काढला, त्यांचं सगळ्यात चांगलं वर्ष, आणि २००६ च्या तिसऱ्या रेसनंतर त्याला बाहेर काढलं. आज घेतलेल्या निर्णयाचं फळ वर्ष-दोन वर्षांनी दिसतं, तोपर्यंत माणूसच राहिला नाही तर ते झाड कोण सांभाळणार? त्यात हेडऑफिस जपानमध्ये, फॅक्टरी जर्मनीत, आणि बहुतेक टीम आणि अनुभवी इंजिनिअर इंग्लंडमध्ये. माझ्या मते टोयोटा इथेच हरली.

होंडाचं उलटं बघा. २००८ ला फक्त १४ पॉइंट, पण टीम बॉस रॉस ब्रॉनने ती गाडी लवकर सोडून सगळं लक्ष २००९ वर लावलं. डिसेंबर २००८ मध्ये होंडा निघून गेली, तीच फॅक्टरी, बरीचशी तीच माणसं, इंजिन मर्सिडीजचं, आणि त्याच टीमच्या, आता नाव ब्रॉन जीपी, ड्रायव्हर बटनने पहिल्या ७ पैकी ६ रेस जिंकल्या. त्या गाडीचा डबल डिफ्यूझर (मागच्या टोकाखालून हवा काढून डाउनफोर्स वाढवणारा भाग) टोयोटाकडेही पहिल्या रेसपासून होता!

शेवटचं, स्ट्रॅटेजी, म्हणजे जिंकायची गाडी असून रेस कशी जाते. बहरीन २००९ परत मिळाली तर हातात वही घेऊन बघा. टोयोटाचा ट्रुली पोलवर, त्यांचाच ग्लॉक दुसरा, पहिल्या स्टिंटमध्ये (पिटमध्ये थांबेपर्यंतच्या लॅपमध्ये) दोन्ही टोयोटा पुढे. मग दोघेही लवकर पिटमध्ये आले आणि दोघांनाही मधल्या लांबलचक स्टिंटसाठी टायरचा हार्डवाला कंपाउंड लावला, तिथून लॅप टाइम घसरत गेले. बटन जिंकला, व्हेटेल दुसरा, ट्रुली तिसरा, ग्लॉक सातवा. दोन गाड्या पुढे असताना एकाला तरी दुसऱ्या टायरवर पाठवता आलं असतं, हे मला अजूनही लागून राहिलंय. तुम्ही बघताना ग्लॉक आणि बटनचे मधल्या स्टिंटचे लॅप टाइम शेजारी शेजारी लिहा, कुठल्या लॅपपासून रेस हातातून निसटली ते दिसेल.