जुनी गाडी घेताना टॅक्सच्या या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मावसभावाने एका डीलरकडे हॅचबॅक पसंत केली. सौदा सव्वाचार लाखांत ठरला. बिल हातात आलं तेव्हा खाली एक जास्तीची ओळ होती: जीएसटी १८ टक्के, ७६,५०० रुपये. त्याने बिलाचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला, "दादा, सरकार जुन्या गाडीवर इतका टॅक्स घेते का?"

नागपुरात लहान दुकानदारांचे हिशेब पाहणं आणि रिटर्न भरणं हा माझा धंदा. त्यामुळे असे फोन मला नवे नाहीत. आमच्याकडची जुनी मंडळी याला अजून 'सेल्स टॅक्स'च म्हणतात. विक्रीकर २००५ मध्ये जाऊन व्हॅट आला, २०१७ मध्ये व्हॅटही गेला, पण बोलण्यातला शब्द काही गेला नाही. तोंडी शब्द जुना आणि नियम नवा, त्यामुळे गोंधळ ठरलेला.

मावसभावाच्या बिलात मुख्य चूक अशी होती की टॅक्स पूर्ण किमतीवर लावला होता. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या नोंदणीकृत डीलरला जीएसटी त्याच्या मार्जिनवर लागतो, म्हणजे विक्री किंमत वजा खरेदी किंमत, आणि जो फरक राहील त्याच्या १८ टक्के. आम्ही आरसीवरून, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरून, आधीच्या मालकाचं नाव काढलं, फोन केला. त्याने गाडी ३,७५,००० ला दिली होती. फरक ५०,०००. त्यावर १८ टक्के म्हणजे ९,००० रुपये. ७६,५०० कुठे आणि ९,००० कुठे!

डीलरला हे दाखवलं तर तो हसत म्हणाला, "अहो, बिल कशाला पाहिजे तुम्हाला? बिलाशिवाय घ्या, टॅक्सच नाही." इथेच लोक दुसऱ्यांदा फसतात. बिल नसलं की पुढे गाडीत काही निघालं तर तुम्ही ती त्याच्याकडून घेतली हेच सिद्ध करता येत नाही. आम्ही बिलावरच अडून बसलो. शेवटी सव्वाचार लाखांतच, टॅक्स धरून, पक्कं बिल मिळालं. घासाघीस करायचीच असेल तर 'सगळं धरून किती' यावर करा. कारण मार्जिनवरचा टॅक्स हा डीलरच्या नफ्याचा हिशेब आहे, आणि आपला नफा तो तुम्हाला सहसा सांगणार नाही.

दर १८ का, हेही माहीत असू द्या. आधी लहान गाड्यांना १२ आणि मोठ्यांना १८ टक्के असा फरक होता. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीत सगळ्यांना सरसकट १८ करायचं ठरलं आणि जानेवारी २०२५ मध्ये ते लागू झालं. कुणी '१२ टक्केच लागतो' म्हणाला तर तो जुनं सांगतो आहे. तेव्हा व्हॉट्सॲपवर भलतंच पसरलं होतं, की बारा लाखांची गाडी नऊ लाखांत विकली तरी तीन लाखांच्या तोट्यावर टॅक्स! तसं काही नाही. मार्जिन उणे असेल तर टॅक्स शून्य.

आणि शेजारच्या काकांनी आपली घरची गाडी तुम्हाला विकली तर? काहीच नाही. दोन घरगुती माणसांमधल्या व्यवहाराला जीएसटी लागत नाही, आणि वापरातली खासगी गाडी विकून आलेल्या पैशावर काकांना भांडवली नफ्याचा करही नाही. म्हणून कुणी दलाल 'घरगुती गाडी आहे, पण जीएसटी भरावा लागेल' म्हणाला तर त्याला एकच विचारा: हा टॅक्स गाडीवर आहे की तुमच्या दलालीवर? दलालीवर किंवा सर्व्हिस चार्जवर १८ टक्के लागू शकतो, पण तो फक्त तेवढ्याच रकमेवर. दहा हजार दलाली असेल तर १,८०० रुपये. त्याची पावती वेगळी, गाडीची वेगळी.

तिसरा प्रकार कंपनीच्या नावावरच्या गाड्यांचा. समजा नागपूरजवळच्या वाडीतला एखादा ट्रान्सपोर्टर आपल्या फर्मची गाडी विकतो आहे. तो जीएसटीत नोंदलेला असतो आणि गाडीचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, त्याने आयकरात दाखवलेला असतो. मग मार्जिन खरेदी किमतीवरून न काढता घसारा वजा करून उरलेल्या किमतीवरून काढायचं. हिशेबाच्या पुस्तकात गाडी ६ लाखांची उरली आणि विकली ७ लाखांना, तर १ लाखावर टॅक्स. विकली साडेपाचला, तर नाही. अशा व्यवहारात फर्मचं बिल घ्याच. आरसीवर फर्मचं नाव आणि कागदावर मालकाच्या भावाची सही, असले नमुने मी पाहिले आहेत.

चौथी चूक बारीक, पण हमखास होणारी. डीलरच्या बोर्डावर किंवा बिलावर 'कंपोझिशन' लिहिलेलं असतं, म्हणजे तो लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत असतो. अशा माणसाला ग्राहकाकडून जीएसटी घेण्याची परवानगीच नाही, आणि आपण कर गोळा करण्यास पात्र नाही हे त्याने बिलावर लिहायचं असतं. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून पाहायला मिनिटही लागत नाही. नाव जुळतं का, नोंदणी चालू आहे का, साधी की कंपोझिशन, सगळं दिसतं. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. २३ दिसला तर मध्य प्रदेश, २२ दिसला तर छत्तीसगड.

पैसे भरून बसला असाल तरी वाट आहे. आधी डीलरला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर का होईना, की टॅक्स मार्जिनवर हवा होता, दुरुस्त बिल द्या. टॅक्स म्हणून गोळा केलेला पैसा सरकारकडे भरावाच लागतो, खिशात ठेवता येत नाही, हे एका ओळीत आठवण करून द्या. बहुतेकदा तेवढ्यावर सूर बदलतो. नाहीच बदलला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग.

आता नागपूरकरांची खास चूक: परराज्यातली गाडी. छिंदवाडा, बैतुल, रायपूर हाकेच्या अंतरावर. तिकडे गाडी तीस-चाळीस हजारांनी स्वस्त दिसते आणि माणूस टोकन देऊन मोकळा होतो. पण एमपी किंवा सीजी नंबरची गाडी इथे कायमची ठेवायची तर महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो, आणि तो तुम्ही दिलेल्या किमतीवर न लागता गाडीच्या मूळ किमतीवर लागतो. गाडीचं वय वाढेल तशी त्यात सवलत मिळते, इतकंच. म्हणून मूळ इनव्हॉइस आधी मागा. दहा लाखांची गाडी चार लाखांत मिळाली म्हणून टॅक्स चार लाखांवर धरून बसलेले लोक आरटीओच्या खिडकीवर डोकं धरतात. तिथल्या डीलरला जीएसटी भरला म्हणून इथला रोड टॅक्स माफ होत नाही. दोन्ही खाती वेगळी.

जुन्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. '१२ महिने चालते हो तिकडच्या नंबरवर' हेही कुणीतरी सांगणारच. तो नोंदणी बदलण्याच्या मुदतीचा नियम आहे. मालकी नावावर करून घ्यायला मात्र ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. इथली नोंदणी झाली की तिकडे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो. पण तो अर्ज पहिला टॅक्स भरलेल्या राज्यात करावा लागतो आणि वेळ खातो, त्यामुळे तो पैसा आधीच सौद्यात धरू नका.

याच्या उलट भीतीही असते. गाडी एमएच ४० ची, म्हणजे नागपूर ग्रामीणची, आपण शहरातले. किंवा शहरातल्याच एमएच ४९ ची आणि आपण एमएच ३१ वाले. किंवा थेट पुण्याची एमएच १२. यावर पुन्हा रोड टॅक्स लागत नाही. महाराष्ट्रात खासगी गाडीचा एकरकमी टॅक्स एकदा भरला की मालक बदलला तरी तो गाडीबरोबर राहतो. हस्तांतराची सरकारी फी शेकड्यांत असते, एजंटचा हिशेब हजारांत. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा, एवढ्यासाठी कुणी 'टॅक्स डिफरन्स' म्हणून पाच हजार मागत असेल तर पावती मागा. नसलेल्या टॅक्सची पावती निघणार नाही.

बीएच (भारत मालिका, बदलीच्या नोकरीवाल्यांसाठीचा) नंबरची गाडी मात्र सांभाळून. तिचा टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो, आणि ती सवलत घेता येईल अशी नोकरी तुमची नसेल तर नेहमीचा नंबर आणि नेहमीचा टॅक्स आला. पंधरा वर्षांच्या वरची गाडी घेताय? नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर आणि फिटनेस आधी पाहा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की टॅक्सची मुदत, बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद), विमा आणि थकलेले चलान दिसतात. बँकेचा बोजा दिसला तर विकणाऱ्याकडून बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ घ्या. 'कर्ज तर केव्हाच फिटलं' हे तोंडी चालत नाही.

पैसे देण्याबद्दल दोन गोष्टी. कागदावर किंमत कमी दाखवा असं कुणी म्हणालं तर त्यात तुमचा काडीचा फायदा नाही. महाराष्ट्रातली गाडी नावावर करताना किमतीवर टॅक्सच नाही, मग वाचणार काय? फायदा फक्त विकणाऱ्याचा. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, म्हणून डीलर रोखीचे तुकडे करायला सांगतो. बँकेतूनच द्या. दहा लाखांवरची गाडी डीलरकडून घेतली तर तो १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, वरून घेईल. ते पैसे बुडत नाहीत, तुमच्या पॅनवर जमा होतात आणि आयकर रिटर्नमध्ये वळते होतात. फक्त बिलावर पॅन बरोबर टाकलाय का ते तिथेच पाहा. विम्याचं नाव बदलायला १४ दिवस असतात, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सवलत) तुम्हाला मिळत नाही, त्याच्याचकडे राहतो.

मावसभावाची आरसी स्पीड पोस्टाने आली, पण आडनावात एक अक्षर चुकलेलं. त्या दुरुस्तीसाठी आम्ही गिरीपेठेच्या आरटीओ ऑफिसात दोन चकरा मारल्या. टॅक्सची भानगड त्या मानाने लवकर सुटली होती.