तांब्याच्या भांड्यांची निगा
पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला मठारकामाचा, म्हणजे हातोडीचे ठोके देऊन घडवलेला, हंडा काळवंडला, तरी तो तारेच्या घासणीने घासू नये. चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढावा आणि चिमूटभर मीठ घालून तो मऊ फडक्याने ठोक्याठोक्यावर चोळावा, म्हणजे चिंचेतील टार्टारिक आम्लात काळा ऑक्साइड विरघळून खालचा गुलाबी धातू उजळू लागतो. कोळ भांड्यावर वाळू देऊ नये. लगेच धुऊन कोरडे पुसावे, विशेषतः काठाच्या दुमडीत, कारण तिथे पाणी राहिले की हिरवट डाग धरतात. आतून कल्हई असल्यास चिंच टाळावी, साबणाचे पाणी पुरते. कल्हई उडाली असेल, तर नवी करून घेईपर्यंत त्यात आमटी-सार अजिबात करू नये.