देवाची वाट पाहताना या चुका टाळा

आपल्या गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत कोणी ना कोणी कशाची तरी वाट पाहत असतं. बोटीवरच्या नोकरीचं बोलावणं, लेकीचं लग्न, कूस उजवणं, कोर्टात अडकलेली वडिलोपार्जित जमीन, दुखण्यातून उठणं. प्रार्थना सुरूच असते, तरी धीर सुटतो. आणि तो बहुधा ठरावीक जागीच सुटतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे देवाला मुदत घालणं. नोव्हेनाचे, म्हणजे सलग प्रार्थनेचे, नऊ दिवस सरले, दहाव्या दिवशी काहीच हललं नाही, की मन खट्टू होतं. मग म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मरियामाउलीला, आंगवण (नवस), तेल, मेणाचा हात नाहीतर पाय. आंगवण श्रद्धेने केली तर त्यात काही गैर नाही. पण नोव्हेनाचं मूळ आठवा. येशूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य यरुशलेमात प्रार्थना करत थांबले, त्या दिवसांवरून ही भक्ती आली. त्यांना नऊ हा आकडा कोणी सांगितला नव्हता. थोड्याच दिवसांत पवित्र आत्मा येईल, एवढंच ठाऊक होतं. तेव्हा नोव्हेना संपल्यावर लगेच निकाल लावू नका. दहाव्या दिवशीही त्याच वेळी मेणबत्ती लावून बसा. त्या दिवशी मागणं मांडलं नाही तरी चालेल.

याहून महाग पडते ती दुसरी चूक: देवाला उशीर होतोय असं धरून आपणच परस्पर वाट काढणं. अब्राहामाने घर सोडलं तेव्हा तो 75 वर्षांचा होता. कनान देशात दहा वर्षं काढूनही मूल होईना, म्हणून त्याच्या बायकोने, साराने, आपली दासी हागार त्याला दिली. हागारला इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम 86 वर्षांचा होता, आणि देवाने वचन दिलेला साराचा मुलगा इसहाक जन्मला तेव्हा 100 वर्षांचा. साराला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, दहा वर्षं थोडी नव्हेत. पण भोगलं कोणी, तर हागारने. आधी गरोदरपणी रानात पळावं लागलं, पुढे भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन मुलासकट घराबाहेर काढलं गेलं. आपल्या उतावळेपणाची झळ बऱ्याचदा दुसऱ्यालाच लागते. आईचे दागिने गहाण टाकून एजंटच्या हातात पैसे ठेवणारा मुलगा, वय वाढतंय म्हणून चौकशी न करता उरकलेलं लग्न, हे आपण पाहतोच. ओळखायची खूण सोपी आहे: जो निर्णय घरच्यांपासून आणि पाद्रीबाबांपासून लपवावासा वाटतो, तो महिनाभर बाजूला ठेवा.

उलट टोकाचीही माणसं आहेत. ‘देव बघून घेईल’ म्हणून अर्ज करायचा नाही, वकिलाला भेटायचं नाही. याकोबाच्या पत्रात धीराचा दाखला म्हणून पावसाची वाट पाहणारा शेतकरी येतो. आपल्या खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला, शेतकरी आठवा: पाऊस त्याच्या हातात नाही, पण बांध तपासणं आणि मानशीच्या (पाणी अडवायच्या दाराच्या) फळ्या बघणं त्याच्याच हातात आहे.

बाणावलीत 1651 साली जन्मलेले संत जुझे वाझ यांचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. सिलोनात (आजच्या श्रीलंकेत) कॅथलिकांवर डचांनी बंदी घातली होती, म्हणून 1687 मध्ये ते वेश बदलून तिथे पोहोचले. पुढे तिथल्या कँडीच्या राज्यात पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. सुटका कधी होईल याचा नेम नव्हता. त्या कैदेत ते सिंहली शिकले. ज्या लोकांसाठी आलो त्यांची भाषा, दार बंद असतानाच! तुमची वाट लांबली असेल तर विचारा: हे मिळाल्यावर मला जे यावं लागेल, ते आज थोडं शिकता येईल का?

रडू दाबून ‘सगळं ठीक आहे’ म्हणत राहणं म्हणजे श्रद्धा नव्हे. तेरावं स्तोत्र ‘कुठवर?’ याच सवालाने सुरू होतं. तेच मोठ्याने वाचा.

औषध बंद करून देवाची परीक्षा पाहणं तर कधीच नको. कॅथलिक बायबलमधल्या सिराकाच्या पुस्तकातला 38वा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो. औषधंही देवानेच जमिनीतून दिली आहेत, असं तिथे म्हटलं आहे. झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर पाद्रीबाबांइतकीच डॉक्टरांचीही गरज आहे. त्याच आठवड्यात जा.

आणि वाट पाहणारं माणूस तुमच्या घरातलं असेल, तर ‘तुझी श्रद्धाच कमी’ हे वाक्य तोंडातून काढू नका. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. बिघडलं ते कारणं सांगायला लागल्यावर. पेज घेऊन जा, जवळ बसा, आणि प्रार्थना करू का, हे आधी विचारा.