छापखाना सांभाळताना आधी काय, मग काय

नव्याने धंद्यात उतरणारी मुलं-मुली भेटली की मशिनची किंमत विचारतात. मी त्यांना आधी तारखा लिहून काढायला लावते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास छपाई करणाऱ्या प्रत्येकाला गणपती ते दिवाळीचा काळ माहीत आहे. दिवाळी अंक, कॅलेंडरं, मध्येच कुणाची पत्रिका, आणि सगळ्यांना सगळं उद्या सकाळीच हवं असतं.

यात न हलणाऱ्या तारखा वेगळ्या काढा. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, दर महिन्याच्या ११ तारखेला, कामगारांचा पीएफ आणि ईएसआय (आरोग्य विमा) १५ ला, जीएसटीआर-३बी, म्हणजे कराचं रिटर्न, २० ला. उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर रिटर्न तिमाही भरता येतं, कर मात्र दरमहाच जातो. पगाराची तारखही याच यादीत हवी. या दिवसांच्या तोंडावर नवं अर्जंट काम घेऊ नका.

माणूस सगळ्यात जास्त दमतो ते ‘एवढंच करून द्या ना’ने. प्लेट चढलेली असते, शाई लागलेली असते, आणि पार्टी काउंटरवर येऊन म्हणते, “ताई, फक्त काकांचं नाव वर घ्यायचंय.” म्हणजे नवी प्लेट, पुन्हा सेटिंग, पुन्हा वाया जाणारा कागद, आणि मशिनमन रात्री उशिरापर्यंत अडकलेला. म्हणून प्रूफवर, म्हणजे छापण्याआधीच्या नमुन्यावर, सही घ्यायचीच, आणि सहीनंतरच्या बदलाचे पैसे वेगळे, हे ऑर्डर घेतानाच सांगायचं. नातेवाइकांनासुद्धा!

झोप उडवते ती उधारी. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, फुकट होते, ती आधी करा आणि तो क्रमांक बिलावर छापा. २००६च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. वसुलीचे फोन सकाळी डोकं ताजं असताना करावेत, रात्री जेवताना नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटच्या, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याच्या, तीन खुणा मांडल्या: गळून जाणं, कामापासून मन तुटणं, हातून काही नीट होत नाही असं वाटणं. फोन वाजला की पोटात गोळा येत असेल तर सीझन संपायची वाट पाहू नका, घरी बोला, डॉक्टरांना भेटा.

सुटीसाठी मी गुरुवार धरला, कारण दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारीच. त्या दिवशी फोन काउंटरवरचा मुलगा घेतो. पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुकं यांचे दर त्याला लिहून दिले आहेत. पुस्तकाचं काम असेल तर तो “शुक्रवारी अकरानंतर या” म्हणतो, आणि लोक येतात.