‘सर’ या शब्दाचे मूळ कसे शोधावे

मोत्यांचा सर, पावसाची सर, गड सर करणे, सरदार आणि वर्गातले सर यांत अक्षरे तीच असली, तरी शब्द एकच आहे असे गृहीत धरून व्युत्पत्ती शोधायला बसू नये. कोश उघडण्याआधी प्रत्येक प्रयोगाचे लिंग आणि अनेकवचन पाहावे. मोत्यांचा सर पुल्लिंगी असून अनेकवचनातही तो सरच राहतो. पावसाची सर स्त्रीलिंगी असून तिच्या सरी होतात. ‘तिची सर कुणाला यायची नाही’ यातली सरही स्त्रीलिंगीच, पण तिला अनेकवचन नाही. मराठीपुरती ही कसोटी मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण कानाला सारखे वाटणारे शब्द व्याकरण बहुधा वेगळे ठेवते.

त्यानंतर जोडशब्द सोडवून पाहावेत. सरदार, सरकार, सरहद्द यांतले ‘सर’ फारसी असून त्याचा मूळ अर्थ डोके, आणि त्यावरून प्रमुख किंवा टोक असा होतो. गड सर करणे हा प्रयोगही फारसीतूनच आला. सरपंचात हेच फारसी ‘सर’ पंचाला जोडले गेले आहे. मात्र उरलेल्या भागाचा अर्थ लागल्याशिवाय शब्द तोडू नये: ‘सरस’ म्हणजे रसासहित, तिथे डोक्याचा काही संबंध नाही. या टप्प्यावर माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश शेजारी ठेवून दोन्हींतल्या नोंदी ताडून पाहाव्यात.

फारसी ‘सर’ आणि संस्कृत ‘शिरस्’ ही भावंडे आहेत. एकातून दुसरे निघालेले नाही. हे नाते नुसत्या साम्यावर ठरवलेले नसून, संस्कृत ‘श’च्या जागी फारसीत ‘स’ येण्याचा नियम शत–सद, श्वेत–सफेद अशा इतर जोड्यांतही दिसतो, म्हणून ते मान्य करावे. हिब्रू भाषेत मंत्र्याला ‘सर’ म्हणतात. उच्चार आणि अर्थ दोन्ही फारसीच्या जवळ जातात, तरी हिब्रू ही फारसी-संस्कृतपेक्षा वेगळ्या, सेमिटिक कुळातली भाषा असल्याने आणि असा नियम तिथे लागू होत नसल्याने हे साम्य योगायोगाचे समजावे.

वर्गातले सर इंग्रजीतून आले. इंग्रजीने तो शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘सायर’वरून घेतला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘सीनियर’ म्हणजे ‘वयाने मोठा’ हा शब्द आहे. त्या लॅटिन धातूचा संस्कृतातला नातलग ‘सन’, म्हणजे जुना. ‘सनातन’ हा शब्दही त्याच घराण्यातला आहे.